चुकायची शिकवणी

ता. ४ जून

चि. बाबी हिस मामाचे भरभरून आशीर्वाद.

आधी घरच्यांची हजेरी घेतो, मग कामाचं बोलतो. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून माझ्याच नावानं खडे फोडते का? लहानपणी मी तिला झाडावरून पाडलं, हे ती या जन्मी विसरायची नाही. बाबांचं कानातलं यंत्र नीट बसलं का, की अजून सोयीचं तेवढंच ऐकू येतं? जावईबापूंचा खोकला उतरला का? धाकटीचे पुढचे दात आले का, की अजून खिडकी उघडीच आहे? आणि तू जेवतेस ना वेळेवर, की ऑफिसच्या खुर्चीतच बिस्किटं मोडतेस? मी ठणठणीत आहे. कंबर तेवढी मधूनमधून आपण आहोत म्हणून कळवते.

फोन करता आला असता, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतेस आणि मागे दुसऱ्याच कुणाशी बोलत असतेस. कागद वाचावाच लागतो.

तुझ्या ऑफिसात आमचा वर्ग म्हणजे नुसता एक आकडा दिसत असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या जुन्या लाँड्रीच्या दुकानात, कपडे टांगायच्या दांड्याखाली, शाळा अर्धवट सोडलेली पोरं पुन्हा बसती झाली होती. मग साथ आली, शाळा बंद झाल्या, आणि वर्ग बंद ठेवायचा हुकूम आला. त्याच पाकिटात दुसरा कागद होता. पटनोंदणी दर महिन्याला पाठवावी, आणि ज्या विद्यार्थ्याशी महिन्यात निदान तासभर समोरासमोर संपर्क झाला नाही तो गळाला असं समजावं. म्हणजे भेटायचं नाही, आणि भेटल्याशिवाय मोजायचं नाही. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसलो, आपसात काही ठरवतात का म्हणून.

शेवटी पाटीनं तारलं. दुकान बंद करून वर्षं झाली, पण पाटी मी उतरवलेली नाही, आणि लाँड्री उघडी ठेवायला बंदीतही परवानगी आहे. आता एकेक पोरगं हातात शर्ट घेऊन येतं, शर्टाच्या घडीत वही. ते खिडकीच्या त्या बाजूला, मी या बाजूला. रस्त्यावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "एका शर्टाला तासभर?" मी म्हटलं, "कडक इस्त्री आहे." अडचण एवढीच, की खरी गिऱ्हाइकंही कपडे टाकायला लागली आहेत. काल मी अपूर्णांक शिकवता शिकवता सहा चादरी केल्या.

पण पत्राचं कारण वेगळंच आहे. वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे वायरमन म्हणतात. विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात तारा गुंडाळते. घरात आजारपण आलं तेव्हा नववीतून शाळा सुटली. तिचे उस्ताद वर्षाखेर काम सोडणार आहेत. तिच्याकडे वायरिंगचा परवाना असला तर दुकान तिला देतील, नसला तर भंगारवाल्याला. परवान्याला दहावी लागते, दहावीचा फॉर्म आमच्या वर्गातूनच जातो, तोही नाव पटावर असेल तर. मुदत जुलैअखेर. आणि काल तुझ्या विभागाकडून आलं: सदर विद्यार्थिनीची प्रगती शून्य, नाव कमी करावे.

बाबी, त्या मुलीला प्रवेशाच्या चाचणीत पैकीच्या पैकी होते. नंतरच्या प्रगती चाचणीतही पैकीच्या पैकी. चाचणी नुसती वाचन-गणिताची, ते तिला लहानपणापासून येतं. आता पैकीच्या वर तिनं कुठून आणायचे? तू तिथे बसतेस, कुणाच्या तरी कानावर घाल.

तुझा
मामा

●

ता. १२ जून

ती. मामांस बाबीचा साष्टांग नमस्कार.

आईचे गुडघे आहेत तसेच, आणि खडेही. बाबांनी यंत्र काढून कपाटात ठेवलंय, म्हणतात फार ऐकू येतं. यांचा खोकला गेला. धाकटीला एक दात आलाय, तो ती पाहुण्यांना दाखवते. मी बिस्किटं खाते.

वायरमनचं साहेबांच्या कानावर घातलं. मामा, चाचण्यांचे आकडे संगणक वजा करतो. नंतरच्यातून आधीचे. उत्तर शून्य आलं की ओळ लाल होते, आणि लाल ओळ वर पाठवली की वरून साहेबांना फोन येतो. मी म्हटलं, "साहेब, तिला सगळं येतंय." ते म्हणाले, "मग ती शाळाबाह्य मुलांच्या वर्गात काय करतेय?" मी म्हटलं, "ती शाळाबाह्य आहे." ते म्हणाले, "तिला येत असेल तर ती शाळाबाह्य कशी?" मग त्यांनी उठून पंखा वाढवला.

एक वाट आहे. तिचं नाव कमी करा. नाव कमी झालं की ती वर्ग सोडलेली मुलगी झाली, आणि वर्ग सोडलेल्यांना परत आणणं हेच तर तुमच्या वर्गाचं काम. दुसऱ्याच दिवशी नव्यानं दाखल करून घ्या. मात्र नव्यानं दाखल म्हणजे प्रवेशाची चाचणीही नव्यानं. तेव्हा मामा, तिला सांगा, थोडं चुकायला. वर चढायला जागा ठेवायला हवी. हे मी भाची म्हणून लिहितेय, ऑफिसच्या कागदावर असलं तरी.

खिडकीतून झालेला तास संपर्कात धरतात, काळजी नको. चादरी धरत नाहीत.

तुमची
बाबी

●

ता. २१ जून

चि. बाबी हिस आशीर्वाद.

आईला सांग, गुडघ्याला गरम पिशवी लाव आणि मला माफ कर. बाबांना काही सांगू नकोस, ऐकू जायचं नाही.

तू थट्टा करतेयस असं मला आधी वाटलं. पत्र तीनदा वाचलं तेव्हा पटलं, की थट्टा विभागाची आहे. मग नाव कमी केलं. गळतीच्या कागदावर कारण लिहावं लागतं: लग्न, नोकरी, स्थलांतर, आजार, इतर. मी "इतर" पुढे लिहिलं, "सगळं येतं." ती खिडकीपाशी उभी होती. म्हणाली, "मामा, आता मी नेमकी कोण?" मी म्हटलं, "आज रात्रीपुरती गिऱ्हाईक."

दुसऱ्या दिवशी परत दाखल करायचा अर्ज भरला आणि चुकायची शिकवणी सुरू केली. इथे माझे हात टेकले. जन्मभर लोकांच्या सुरकुत्या काढल्या, मुद्दाम सुरकुती कशी पाडायची ते मला येत नाही. तिला तर त्याहून येत नाही. तोंडी विचारलं, "एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ?" ती म्हणाली, "दोन तास." मी म्हटलं, "चूक सांग." तिनं ओठ चावले, घाम पुसला आणि म्हणाली, "चाळीस."

मागे पैलवान उभा होता. हा आमच्या वर्गातला आकारानं सगळ्यात मोठा आणि मार्कांनी सगळ्यात लहान. पहिल्या चाचणीत त्याला मिळाले ते वाचायला चष्मा लागला असता. तो पुढे आला. "चाळीस तास? टाकीला भोक आहे का? अगं, चूक अशी वेड्यासारखी करायची नसते. तपासणाऱ्याला पटली पाहिजे. नऊ लिही. तीन आणि सहा नऊ. मी कायम नऊ लिहितो."

"पण दोन नळ सोडल्यावर एकापेक्षा जास्त वेळ कसा लागेल?" वायरमन म्हणाली.

 पैलवानानं इस्त्रीचा शर्ट या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "हे मी कधी बघितलंच नव्हतं," म्हणाला. "बरोबर उत्तर काय म्हणालीस?"

तेव्हापासून रोज दोघं पायरीवर लांब लांब बसतात. तो तिला खात्रीची चूक शिकवतो. आधी खरं उत्तर काय ते तिच्याकडून समजून घेतो, मग त्याच्या जवळपासची चूक काढतो. काल मला म्हणाला, "मामा, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काहीतरी शिकवायला सांगितलंय. वाया घालवणार नाही." वेळेआधी येतो, केस विंचरून. शर्ट मात्र तोच आणतो. इतक्यांदा इस्त्री झालीय, की परवा मी त्यातून पलीकडचा दिवा बघितला.

प्रवेशाच्या चाचणीला परीक्षक पाठव. आम्ही चुकायला तयार आहोत.

मामा

●

ता. ३० जून

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घास घशात अडकला. साहेबांनी पाठीत थापट्या मारल्या. "काय झालं?" म्हणून विचारलं, मी म्हटलं, घरचं आहे.

परीक्षक आठ जुलैला येतील. आता नीट ऐका. परीक्षक आणि विद्यार्थी एकाच खोलीत हवेत, हा चाचणीचा नियम. एका खोलीत दोन माणसं नकोत, हा साथीचा नियम. साहेबांनी दोन दिवस विचार करून मार्ग काढला आहे: लिहिणारा हात खोलीत असला, की विद्यार्थी खोलीत आहे असं समजावं. बाकीचा विद्यार्थी बाहेर राहील. पैलवानाची प्रगती चाचणीही त्याच दिवशी उरकून घेऊ.

वायरमनला सांगा, फार चुकायचं नाही. पार खाली गेली तर संगणक तिला अक्षरओळखीच्या गटात टाकतो, तिथून दहावीचा फॉर्म जात नाही. चारपाच ठिकाणी चुकली की पुरे.

आणखी एक, सहज विचारते. केंद्रचालकांच्या फायली चाळत होते, तुमच्या फायलीत शाळा सोडल्याचा दाखला तेवढा दिसला. दहावीचं काही आहे का? घाई नाही.

आईनं माफ केलं नाही. पिशवी मात्र लावली.

बाबी

●

ता. ९ जुलै

चि. बाबी हिस आशीर्वाद.

घरचे सगळे ठीक आहेत असं धरून चालतो. आज विचारपूस करण्याइतकं चित्त ठिकाणावर नाही.

परीक्षक आले. पहारेकऱ्यानं त्यांना कोपऱ्यावरच अडवलं. म्हणाला, "कपडे कुठे आहेत?" ते म्हणाले, "अंगावर." तो म्हणाला, "टाकायचे कपडे." बिचाऱ्यांनी कोट काढून हातात घेतला तेव्हा सुटका झाली. आत घेऊन मी त्यांना कपाटापाशी स्टुलावर बसवलं. नियमापुरता मी मागच्या दारात उभा राहिलो, इस्त्रीच्या टेबलाला टेकून. हातापाशी कोट होता. कशात तरी जीव रमवायला हवा होता, म्हणून कोट करायला घेतला.

खिडकीतून दोन हात आत आले. एक वायरमनचा, नखांत तांब्याचा बारीक चुरा. दुसरा पैलवानाचा, त्यात पेन्सिल दिसतच नव्हती. परीक्षक दोन्ही हातांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होते. मध्ये तिसरा हात आला, त्यात परकर होता. ते म्हणाले, "हा विद्यार्थी कोण?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक, उद्या या."

पेपर जागच्या जागी तपासले. पैलवानाचं बहुतेक सगळं बरोबर. परीक्षकांनी पुन्हा तपासलं, मग त्याचा हात उलटासुलटा करून बघितला. तो बाहेरून ओरडला, "साहेब, गुदगुल्या होतात." त्याला ठाऊकच नव्हतं आपण काय केलं ते. नळाच्या गणिताला दोन तास लिहून खाली खुलासाही लिहिला होता: "नऊ हे चुकीचे आहे, कारण दोन नळ सोडल्यावर टाकी उशिरा भरत नाही."

आणि वायरमन. पैकीच्या पैकी.

मी बाहेर जाऊन लांबूनच म्हटलं, "अगं, ठरलं होतं ना आपलं? नऊ लिहायचं होतंस." ती खाली बघत होती. म्हणाली, "लिहिलं होतं मामा. खोडलं. चुकीची वायर जोडली तर मोटारीला हात लावणारा माणूस मरतो. मला उस्तादांनी तेवढं एकच शिकवलंय. हात वळत नाही."  पैलवानाचा चेहरा पडला. "माझी एक विद्यार्थिनी होती," म्हणाला, "तीही गेली."

परीक्षक म्हणाले, प्रवेशालाच पैकीच्या पैकी म्हणजे हिला वर्गाची गरज नाही, दाखल करता येणार नाही. कोट घालून बघितला, फार छान झालाय म्हणाले, आणि गेले. बाबी, फॉर्मची मुदत तोंडावर आलीय. उस्ताद भंगारवाल्याला दुकान दाखवूनही आले. ती रोज येते, शर्ट घेऊन खिडकीपाशी उभी राहते, आणि मी तिला पटावर धरू शकत नाही.

माझ्या दहावीचं विचारलंस. सातवीनंतर मी थेट इस्त्रीला लागलो, तुला ठाऊक आहे. पुढचं सगळं गिऱ्हाइकांच्या खिशात सापडलेले कागद आणि गठ्ठ्यांना गुंडाळलेली वर्तमानपत्रं वाचून. माझा सत्कारबित्कार ठरवत असाल तर नको. साहेबांना सांग, त्यापेक्षा त्या मुलीचं बघा.

मामा

●

ता. १७ जुलै

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

सत्कार नाही, मामा. बरोबर उलटं होतं. ज्या केंद्रचालकांची दहावी नाही त्यांना कमी करा, असं मेमध्येच आलंय. तुमची फाइल तेव्हापासून मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवत आले. वरची फाइल निघाली की तुमची पुन्हा तळाशी. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही स्वतःच राजीनामा लिहून पाठवला असता, आणि अक्षर इतकं सुरेख, की साहेबांनी लगेच मंजूर केला असता.

पण परवा पैलवानाचे आकडे आले. संगणकानं वजाबाकी केली आणि ओळ हिरवी झाली. इतकी हिरवी साहेबांनी कधी पाहिली नव्हती. वरून फोन आला, प्रथमच चांगला. एवढी प्रगती कुठल्याच केंद्रात नाही, कुठली अध्यापनपद्धत वापरली म्हणून विचारत होते. साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "चुकांवर आधारित." त्यांनी ते लिहून घेतलं.

ते खुशीत होते तोवर मी बंदीच्या काळापुरता काढलेला आदेश त्यांच्यापुढे ठेवला. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, ज्याची दहावी नाही अशा केंद्रचालकानं विद्यार्थी म्हणून नाव घातलं तर त्याला कमी करू नये. दुसरी, प्रवेश चाचणीत ज्याला पैकीच्या पैकी असतील त्याला तिथेच मदतनीस शिक्षक नेमता येतं. तिसरी, अशा शिक्षकाचं स्वतःचं शिक्षण अर्धवट असेल तर त्याचा दहावीचा फॉर्म त्याच वर्गातून पाठवावा, पटावर नाव नसलं तरी. या तिन्ही तीन वेगळ्या माणसांनी लिहिल्यात, आणि एकानंही दुसऱ्याचं वाचलेलं नाही. साहेबांनी नेमणुकीवर सही केली आणि मग विचारलं, "म्हणजे मामा विद्यार्थी आणि ती पोरगी शिक्षिका?" मी म्हटलं, "कागदावर." ते म्हणाले, "आपल्याकडे दुसरं आहे काय?"

तिच्या नेमणुकीचा कागद सोबत आहे. फॉर्म आजच्या आज भरा. तुमची चाचणी ती घेईल. हात खोलीत असू द्या.

यावर हसू नका, मला अजून आईला सांगायचंय.

बाबी

●

ता. २९ जुलै

चि. बाबी हिस आशीर्वाद.

आईचे गुडघे, बाबांचा कान, जावईबापू, धाकटीचे दात, सगळ्यांची आठवण काढतो. आईला सांगितलंस तेव्हा ती हसून हसून जिन्यात बसली, असं जावईबापूंनी फोनवर कळवलं. गुडघ्यांची तक्रार विसरली म्हणे. कुणाच्या तरी कामाला आलो.

फॉर्म गेला. मी स्वतः टपाल कचेरीत उभा राहून शिक्का पडताना बघितला आणि जीव भांड्यात पडला. पोच काल आली. वायरमननं ती उस्तादांना दाखवली. ते चष्मा लावून वाचत बसले, मग भंगारवाल्याला म्हणाले, "तू जा बाबा, तुझा वेळ घालवला." तिनं मला सांगितलं तेव्हा ती खिडकीच्या आतल्या बाजूला होती. मी बाहेर.

कारण आता आत शिक्षिका बसते. पहारेकऱ्यानं मला माझ्याच पायरीवर हटकलं आणि कपडे मागितले. मला आत जाऊन धोतरजोडी आणायची होती, पण आत जाता येईना, कारण आत आधीच एक माणूस होता. शेवटी पैलवानानं त्याचा शर्ट दिला.

माझी प्रवेशाची चाचणी झाली. वाचनात पैकीच्या पैकी मिळतील म्हणून मला धास्ती होती, पण बाईंनी चार लाल खुणा केल्या. गणितात शेकडेवारीला माझी दांडी उडाली. मी विनवलं, एवढं सोडून द्या. बाई म्हणाल्या, "मामा, चूक ती चूक." वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे आपल्याला ठाऊक आहे. पैलवान पायरीवरून कुजबुजत होता, "घाबरू नका, पहिल्यांदा मलाही असंच झालं." वर चढायला जागा मात्र भरपूर राहिलीय. तुझे साहेब खूश होतील.

बाई कडक आहेत. काल चादरींमुळे तासाला उशीर झाला तर म्हणाल्या, "कारणं नकोत, वही काढा." मला राग आला नाही. अगं, किती वर्षांनी कुणी मला वही काढ म्हणालं. मग त्यांनी टेबलावरून दुसरा एक दहावीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. माझं नाव घालून, सही तेवढी राहिलेली. मी म्हटलं, "अगं, माझं वय बघ." म्हणाली, "रकाना आहे, भरा. फॉर्म वर्गातून जातो ना? मग तुम्ही वर्गात आहात." मी सही केली. मी बाहेर होतो, पण हात खोलीत होता, चालतं.

आता खरं कारण लिहितो. पत्रलेखन हा या आठवड्याचा गृहपाठ आहे. कुणाला तरी खरंच पत्र पाठवायचं, आणि तिकडून उत्तर आलं तरच मार्क. नुसतं लिहिलेलं बाई धरत नाहीत. पैलवानानं आजीला लिहिलं होतं, तिचं उत्तर कालच आलं, त्यामुळे तो माझ्या पुढे गेलाय आणि ते तो दिवसातून चारदा सांगतो. तेव्हा ऑफिसचं काम बाजूला ठेव आणि उलट टपालानं दोन ओळी टाक. मोठं नको, पण तारीख घाल, बाई तारीख बघतात.

तुझा
मामा
(विद्यार्थी)